कोंबडीने टिपलेली रांगोळी
रांगोळीची पुडी फोडली की तो दगडी वास येतो आणि माझं डोकं फिरतं. १९७०च्या आसपास नागपूरजवळ कन्हानच्या एकत्र घरात मी कोंबड्या पाळायचे. त्या मऊ, बिनकवचाची अंडी घालू लागल्या, म्हणून सदर बाजारातून शिंपल्यांचा चुरा मागवला. थोरल्या जाऊबाईंनी तो नाल्यात ओतला. "कोंबड्याले शिंपले काहून लागते वं?" मग रोज सकाळी त्यांनी दारात काढलेली रांगोळी गायब होऊ लागली. चौथ्या दिवशी माझी पांढरी कोंबडी ती चुनखडीची भुकटी टिपताना सापडली. अपशकुन म्हणून त्यांनी ती कापायला लावली. पोटात टणक कवचाचं अंडं निघालं, तेही जाऊबाईंनी उकडून खाल्लं. आता त्यांची हाडं ठिसूळ झालीत. शिंपल्यांपासून केलेली कॅल्शियमची गोळी रोज मीच त्यांच्या हातावर ठेवते आणि रोज विचारते, "माणसाले शिंपले काहून लागते, बाई?"