पंपावरच्या मलप्पांचं नाक

गाव कुठलं ते सांगत नाही. निलंगा रस्त्यावरचं आहे, एवढं पुरे. तिथल्या लिंगायत गल्लीत मलप्पा राहायचे. बावीस वर्षं पेट्रोल पंपावर काढलेला माणूस. टाकीत काठी सोडून तेल मोजायचं, पिंपातलं तेल काढायचं तर नळी तोंडानं ओढायची, टँकर आला की तळहातावर थेंब चोळून हुंगायचं आणि ड्रायव्हरला म्हणायचं, "लेका, रॉकेल घातलास यात." ड्रायव्हर गयावया करायचा. त्या हुंगण्यावर मलप्पांची गावात वट होती. कुणाच्या ट्रॅक्टरचं डिझेल असो की लग्नाच्या पंगतीचं गोडेतेल, मलप्पांनी हुंगल्याशिवाय पुढं जायचं नाही.

लातूर जिल्हा वेगळा झाला, रस्ता रुंद करायचं ठरलं आणि मालकानं पंप गावाबाहेर हलवला. जमिनीखालच्या दोन्ही टाक्या काढल्या असं कागदावर लिहून दिलं, वर मुरूम पसरला आणि मोकळा झाला. मलप्पाही घरी बसले. त्यानंतर दोन-तीन वर्षांत दुष्काळ आला. गावातल्या विहिरींचा तळ दिसू लागला, टँकर आठवड्यातून एकदा यायचा तोही भांडणं लावून जायचा. पाणी होतं ते फक्त गल्लीच्या आडाला, पंपाच्या जुन्या जागेला लागून असलेल्या. चाळीस घरं त्याच्यावर जगत होती.

एके दिवशी शेजारची गंगम्मा तांब्या भरून मलप्पांकडं आली.

"मामा, पाण्याला वास यायलाय. पंपाचा तर न्हाई? बघा की जरा."

मलप्पांनी हुंगलं. मग तांब्या तोंडाला लावून अर्धा रिकामा केला.

"काही न्हाई गं. पाला कुजलाय आडात. मी जन्म काढलो पंपावर, मला कळंना व्हय?"

झालं. आडात लाल औषध टाकलं गेलं आणि विषय मिटला.

मी तेव्हा सरकारच्या भूजल खात्यात होतो. कुणीतरी नव्या जिल्ह्याच्या कचेरीत आडाच्या पाण्याबद्दल अर्ज टाकला, तो फिरत फिरत सात महिन्यांनी माझ्याकडं आला. सात महिने! अर्ज चालत आला असता तरी लवकर पोचला असता. टाक्या नेमक्या कुठं होत्या हे मलप्पांनाच ठाऊक, म्हणून आधी त्यांच्याच घरी गेलो. त्यांच्या बायकोनं, पार्वतम्मांनी, भिंतीचा आधार घेत उठून पाणी दिलं. चेहरा हळदीसारखा पिवळा, हिरड्यांतून रक्त येत होतं. अंगात रक्तच तयार होत नाही, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पेला तोंडाजवळ नेला आणि पेट्रोलचा वास नाकात शिरला. मी तो खाली ठेवला.

"आमच्या घरचं पानी चालत न्हाई का सायबाला?" मलप्पा तडकले. "ह्याच पान्यानं रोज लिंगाची पूजा करतो. दोघंबी तीर्थ घेतो."

मी टाक्यांची जागा विचारली.

पावलं मोजून त्यांनी जागा दाखवली, ती मात्र अचूक. जमिनीत गिरमिट फिरवलं तर सहा हातांवर लोखंड लागलं. टाक्या जागच्या जागी होत्या. बाजूची माती काळी, तेलकट निघाली. माझ्या दोन्ही मजुरांनी नाकाला फडकं लावलं. मलप्पांनी ढेकूळ उचललं, हुंगलं, परत हुंगलं.

"ओली माती हाय नुसती," ते म्हणाले.

जमलेल्या बायकांना तेवढंच हवं होतं. मामा न्हाई म्हणतात तर न्हाई, असं म्हणत दोघी-तिघी घागरी घेऊन आडाकडं वळल्याही. माझं टाळकं सरकलं. मी दोन बाटल्या भरल्या, एक आडाच्या पाण्यानं, दुसरी माझ्या थर्मासातल्या. मलप्पांना सगळ्यांसमोर डोळे मिटायला लावले आणि आडाची कुठली ते विचारलं. म्हाताऱ्या माणसाला असं उघडं पाडायला नको होतं. आज लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

त्यांनी या बाटलीवरून त्या बाटलीवर नाक फिरवलं. "दोनी सारखंच," ते म्हणाले. गंगम्मा पुढं आली, एक बाटली हुंगली आणि ठसका लागून मागं सरली.

मलप्पा आडाजवळ गेले, कप्पीवरचा दोर ओढून काढला आणि लांब फेकला.

"माझं नाक मेलंय," ते मोठ्यानं म्हणाले. "कवा मेलं ते मलाच कळलं न्हाई. ह्या आडाचं कुनी पिऊ नका."

पंचनाम्यावर सह्या घ्यायच्या होत्या म्हणून मी त्यांच्यामागून घरात गेलो. ते पार्वतम्मांसमोर उकिडवे बसले होते.

"तुला बी वास यायचा का गं?"

"हाव."

"कवापासून?"

"पयल्यापासूनच."

"मग पीत का राहिलीस?"

पार्वतम्मांना प्रश्नच कळला नसावा. त्यांनी पदरानं हिरडीवरचं रक्त टिपलं.

"तुमी 'काही न्हाई' म्हनलाव की."