दिवसाची लाईन

कुरुंदवाडच्या अलीकडं, नदीकाठाला माझ्या थोरल्या भावाचा ऊस. त्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो. मी साखर कारखान्यात, चिपाड जाळून वीज करतात त्या विभागात. जेवायला बसलं की त्याचे टोमणे ठरलेले. माझ्या उसाची चिपाडं जाळून तू शहरात दिवे लावतोस आणि माझ्या वाट्याला कोळशाची वीज, तीही रात्रीची.

त्याचं काही खोटं नव्हतं. शेतीची लाईन रात्रीच यायची. म्हणून सगळ्यांनी मोटरीला ऑटो स्विच बसवलेले. लाईन आली की मोटर आपोआप सुरू. दिवसा तारा मेलेल्या. त्यामुळं स्टार्टरची पेटी उघडणं, वायरी दातानं सोलणं ही कामं दिवसाची. आधी फ्यूज काढून ठेवायची रीत आमच्याकडं नव्हतीच. मेलेल्या तारेला कोण भिणार?

मग गावच्या माळावर सौर पॅनेल उभे राहिले. कोळसा सुटला, आता उन्हाची वीज, दिवसाढवळ्या. दादानं सोसायटीच्या दारात पेढे वाटले. मीही हावरटासारखे खाल्ले.

त्याच आठवड्यात मोटर पाणी उचलेना म्हणून तो सकाळी नदीवर गेला आणि पेटी उघडून बसला, जन्मभर बसत आला तसाच. वीज आता दिवसा येणार हे डोक्याला कळलं होतं, हाताला कळायचं राहिलं होतं. त्याचा हात आत असताना लाईन आली. शेजारचे धावत पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

मला अजून राग येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. कोळशाची चिमणी असती तर तिला शिव्या घातल्या असत्या. उन्हाला काय बोलणार? भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, चांगलंच झालं होतं की हो गावाचं. त्यांना हाकलून द्यावंसं वाटायचं.

दिवस घातले, आणि वहिनी अंगणात येऊन उभी राहिली. ऊस वाळायला लागला होता.

"भावजी, लाईन कवा असती आणि कवा नसती, येवढं मला नीट सांगा."

मी वेळा सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. ढग आले की जुन्या लाईनवरून देतात, वेळ मागंपुढं होते.

"वहिनी, कायम हाय असंच धरा."

तिनं ऑटो स्विच काढायला लावला. तेव्हापासून मोटरचं बटण ती वाळक्या काठीनं दाबते, तोंड दुसरीकडं करून.