ताईंचा उपास

पुतण्याचा, गजाननचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याजवळ सिंदी मेघेच्या घरी गॅसवर दूध ठेवून उभी होते. "काकू, आई गेली," एवढंच तो बोलला. मी म्हटलं, "कुठे गेली?" माणूस असा कसा मूर्खासारखा विचारतो, पण विचारलं खरं. कारण परवाच तर त्या फोनवर बोलल्या होत्या, तूर बरी आहे म्हणाल्या होत्या, मला गुडघ्याला लावायला कसलंसं तेल सांगितलं होतं... दूध उतू गेलं ते नंतर यांनी पुसलं. ताई म्हणजे माझी मोठी जाऊ, यमुनाताई. आर्वीकडे रोहण्याला राहायच्या. त्यांना जाऊन आता दीड महिना होत आला. लोक गेलेल्या माणसाचे गुण सांगायला लिहितात, तसे तेही मी सांगणारच आहे. पण खरं म्हणजे मला त्यांची माफी मागायची होती, आणि मागायची होती हेच मला त्या गेल्यावर तेराव्या दिवशी कळलं.

मी पुण्याची. एक्याण्णव साली लग्न होऊन इकडे आले तेव्हा मला वाटे, सभ्यतेची सगळी पेटी माझ्याच सामानातून आलीय. पहिल्यांदा रोहण्याला न्यायला ताईच आल्या होत्या. पुलगावला मोठी गाडी सोडून आम्ही आर्वीच्या छोट्या गाडीत बसलो. ती इतकी हळू चाले की खाली उतरून दोन पावलं चालून पुन्हा चढावं. (आता तीही बंद पडली.) डब्यात शिरताना ताईंनी कोपरं मारून जागा मिळवली. तिथे त्यांना संकोच अजिबात नव्हता. आणि जागा मिळाल्याबरोबर सरकून सरकून आणखी दोघींना बसवलं. मग फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, आलू-वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. मी हात पुढे केला तशी त्यांनी माझा हात हळूच दाबला, आणि सबंध डब्याकडे पाहून मोठ्यानं म्हणाल्या, "या जेवाले!"

समोरचे कडक इस्त्रीचे गुरुजी म्हणाले, "होऊ द्या, होऊ द्या." पलीकडची बाई म्हणाली, "चालू द्या, आमचं झालं." एवढं उत्तर येईपर्यंत ताईंनी घास मोडला नाही. मला वाटलं संपलं. पण नाही, दाराशी जळाऊ लाकडाची मोळी घेऊन एक गोंड बाई खाली बसली होती. तिच्याकडे कोणी बघतही नव्हतं. ताई वाकून तिला म्हणाल्या, "बाई, तुमाले म्हनून राह्यली मी. या." ती बाई आधी लाजली, मग अर्धी भाकर घेतली आणि पदराच्या गाठीतून ओंजळभर बोरं आमच्या फडक्यावर ओतली. त्या बोरांची चव अजून जिभेवर आहे असं मी म्हणणार नाही, कारण मी ती खाल्लीच नाहीत. धुतलेली नव्हती ना!

ताईंचं बाहेरचं वागणं म्हणजे सगळा असा चारचौघांचा संसार. बसस्टँडवर बसल्या की पाच मिनिटांत शेजारणीचं गाव, तिची लेक कुठे दिली, जावई पितो का, हे सगळं बाहेर. नव्या माणसाला पगारसुद्धा विचारायच्या. मी चिमटा काढायचे. "काऊन वं चिमटे काढतं?" असं त्या तेवढ्याच मोठ्या आवाजात विचारायच्या, की मीच तोंडघशी. पण आष्टीच्या बाजारातून येताना कुणाचं पोर उलटी करायला लागलं, तर आपल्या नव्या पिशवीतलं सामान मांडीवर ओतून पिशवी पुढे करणाऱ्या त्याच. पोराच्या आईनं आभार मानले तर उलट तिलाच रागावल्या, "पोरगं सांभाळ आधी."

आणि मग सत्त्याण्णव साली ते नागपूरचं हॉटेल आलं.

ताईंच्या मंदाचं लग्न ठरलं होतं. साड्या घ्यायला आम्ही दोघीच नागपूरला गेलो. खरेदी झाली, पाय दुखायला लागले, आणि मी त्यांना मोठ्या हौसेनं एका थंडगार हॉटेलात नेलं. काचेची दारं, टेबलावर कापडी रुमाल, मंद गाणी. आमचे डोसे आले. ताईंनी ताटलीकडे पाहिलं, मग वळून शेजारच्या टेबलाकडे बघितलं. तिथे एक चांगलं शिकलेलं कुटुंब बसलं होतं. आणि ताई आपल्या छोट्या गाडीतल्या आवाजात म्हणाल्या, "या जेवाले!"

त्या माणसाला काही समजेना. बायको त्याला हिंदीत पुटपुटली, "क्या माँग रही हैं?" त्यानं हात वर करून वेटरला बोलावलं आणि आमच्याकडे बोट केलं. वेटर आला, "क्या चाहिए माताजी?" त्यांची मुलगी तोंडावर रुमाल धरून हसत होती. ताईंनी जेवायला बोलावलं होतं, आणि त्या मंडळींना वाटलं की म्हातारी खायला मागतेय! आज वाटतं, त्याच वेळी मी मोठ्यानं हसून त्यांना समजावून सांगायला हवं होतं. तीही हसली असती, ताईही हसल्या असत्या. पण माझे कान तापले होते. मी दातओठ खाऊन म्हटलं, "ताई, इथे ज्याचं त्याला मिळतं. माझ्यासोबत असताना असं कोणाला विचारत जाऊ नका हो. मला लाज वाटते."

"बरं," ताई म्हणाल्या. रागावल्या नाहीत. थोड्या वेळानं ताटली माझ्याकडे सरकवली. "खाय तू. मले भूक नाई राह्यली."

त्यानंतर ताईंचे उपास सुरू झाले. बसमध्ये मी डबा उघडला की, "मले उपास हाय." स्टेशनवर वडे घेतले की, "आज उपास हाय." मला वाटलं, वय झालं, देवाधर्माकडे लागल्या. घरी पोचल्यावर मात्र चुलीपुढे बसून चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकर, खायच्या. मी एकदा थट्टाही केली, "ताई, तुमचा उपास एसटीत चढतो आणि एसटीतून उतरतो." त्या पदर तोंडाला लावून खूप हसल्या. मीही हसले. आपण फार विनोदी बोललो असं मला वाटलं होतं.

दोन हजार तीन साली वर्ध्याला यांचं ऑपरेशन झालं. ताई पहाटेच्या गाडीनं आल्या आणि दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसल्या. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. एका म्हातारबांना संडासापर्यंत धरून नेलं, एका घाबरलेल्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवला, माझं रडू दोनदा पुसलं. दुपारी मला बळेच पोहे खायला लावले. मी त्यांच्या शेजारी बसून सगळी बशी संपवली. "तुम्ही?" "मले उपास हाय ना वं." बुधवार होता. बुधवारी कशाचा उपास, हे मी विचारलं नाही. त्यांच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत घरून आणलेला डबा होता. तो त्या रात्री तसाच परत घेऊन गेल्या.

तेरवीच्या दिवशी रोहण्याच्या स्वयंपाकघरात मी आणि मंदा वडे थापत होतो. आलेल्या बायांना मी सांगत होते, ताई किती धार्मिक, किती उपास करायच्या. मंदा सहज बोलून गेली, "आईले कायचे उपास, काकू? एक एकादशी धरे, तेबी इसरून जाय."

"अगं, माझ्यासोबत तर नेहमी असायचा..."

मंदाचा हात थांबला. सांगावं की नाही, असं तिच्या तोंडावर दिसलं. मग हळूच म्हणाली, "तुमच्यासंगं बाहीर खातच नोती. म्हने, चार मानसात इचारल्याबिगर मले घास उतरत नाई, अन् इचारलं का सुनंदाले लाज वाटते. काऊन तिले लाजवू? मंग म्हनून द्याचं, उपास हाय."

"मला कधी सांगितलं का नाही?"

"तिनं सांगू नाई देल्लं, काकू. तुमाले वाईट वाटलं असतं ना."

त्या क्षणापासून मी मोजते आहे. मोजू नये, पण मोजते. नागपूरच्या वाऱ्या, आर्वीची लग्नं, दवाखान्याचा तो दिवस... प्रत्येक ठिकाणी मी त्यांच्या शेजारी बसून पोटभर जेवले आहे. रीत सोडली असती तर त्या जेवू शकल्या असत्या. मला लाजवलं असतं तरी जेवू शकल्या असत्या. त्यांनी दोन्हींतलं एकही केलं नाही, आणि माझ्या लक्षातही येऊ दिलं नाही. मी सभ्यतेची पेटी घेऊन आले होते म्हणे! ताई, एकदा तरी डाफरायचं होतं माझ्यावर. इतक्या माणसांवर रागावलात तुम्ही, मलाच तेवढं का सोडलं?

मागच्या आठवड्यात एकटीच बसनं रोहण्याला निघाले. शेजारी कॉलेजातली मुलगी, कानात वायरी, डोळे मोबाइलवर. पलीकडच्या बाकावर पांढऱ्या टोपीचे एक गृहस्थ. हल्ली बसमध्ये कोणी कोणाचं गाव विचारत नाही. सगळे आपापल्या नादात असतात. पुलगाव गेल्यावर मी डबा उघडला. पोळीला हात लावला, पण तोडवेना. चाळिशी ओलांडलेली बाई मी, तरी परीक्षेला बसल्यासारखं झालं. एकदा बोलले ते माझं मलाच ऐकू आलं नाही. मग जरा मोठ्यानं म्हटलं, "या, जेवायला."

मुलीनं कानातली वायर काढली. "मला काही म्हणालात का?"

"जेवायला ये म्हटलं."

"नाही काकू, खाऊन निघाले," असं म्हणून ती हसली. छान हसली. टोपीवाले गृहस्थ खिडकीकडून वळले आणि अगदी सहज म्हणाले, "होऊ द्या बाई, होऊ द्या."

कोणी वेटरला बोलावलं नाही. कोणी तोंडावर रुमाल धरला नाही. बस चालत राहिली. एवढंच होतं ते, ताई... आणि एवढ्यासाठी मी तुम्हाला माझ्याशेजारी अकरा वर्षं उपाशी बसवलं.