बोल्टाखालचा रंग

भातकुलीच्या अब्दुल गफ्फार मिस्त्रींनी चाळीस वर्षं ट्रॅक्टरच दुरुस्त केले. बोलणं कमी, काम सावकाश. दोष सापडल्याशिवाय कुठलाही भाग बदलायचा नाही, एवढा एक हट्ट.

या जानेवारीत सत्यवतीबाईंनी त्यांना मळ्यात बोलावून घेतलं. बाईंची वांगी आणि कोबी. त्यांचा जुना ट्रॅक्टर दोन हिवाळे सुरू व्हायला कुरकुरत होता. चावी फिरवली की इंजिन दमल्यासारखं दोन-तीनदा फिरायचं आणि थांबायचं. नवी बॅटरी घालून झाली, सेल्फ-स्टार्टर खोलून झाला. शेवटी ट्रॅक्टर उतारावर उभा करायचा आणि सकाळी चाकाखालचा दगड काढून गडगडत सुरू करायचा, हेच अंगवळणी पडलं. आठ दिवसांपूर्वी दगड काढताना त्यांच्या मुलाचा, अनुपचा हात चाकाखाली आला. मनगट मोडलं.

अनुप गळ्यात हात अडकवून बांधावर बसला होता.

गफ्फारभाईंनी बाईंना सीटवर बसवलं. “सेल्फ मारा. दहा सेकंद.”

इंजिन रडतखडत फिरलं. त्यांनी बॅटरीच्या दोन्ही वायरींवरून हात फिरवला. एक थंड होती. दुसरी, चेसिसला जोडलेली अर्थिंगची, टोकाशी चटका बसावा इतकी तापली होती.

त्यांनी तिथला बोल्ट काढला. खाली निळ्या रंगाचा थर होता आणि त्याच्या कडेनं गंज. त्यांनी नखानं तो रंग खरवडून पाहिला. मग पॉलिश पेपरनं जागा घासून लोखंड उघडं केलं, वायर आवळली.

“आता मारा.”

पहिल्याच झटक्यात ट्रॅक्टर धडधडला. अनुप उठून उभा राहिला.

“काय होतं, गफ्फारभाई?” बाईंनी विचारलं.

“रंग. रंगातून करंट जात नाई. तीन वर्साआधी गिअरबॉक्स खोलला, तवा मीच रंग मारला होता अन् वायर वरूनच आवळली. खरडाले पायजे होतं. चूक माही हाय, ताई. पोराचा हात माह्यामुळं मोडला.”

बाई खाली उतरल्या. “तुमी सांगतलं नसतं तं आमाले समजलं नसतं.”

“मले तं समजलं ना.”

“आता बोलून काय फायदा मंग? इतके दिवस आमी दगडं काढून राहिलो!” बाईंचा आवाज चढला. मग त्या पाठ फिरवून कोबीच्या वाफ्यात निघून गेल्या. गफ्फारभाईंनी पान्हे पिशवीत भरले. अनुपनं त्यांना फाटकापर्यंत सोडलं.

पुढचं ऑइल बाईंनी दुसरीकडून बदलून घेतलं. गफ्फारभाईंना ते कळलं. प्लास्टर निघाल्यावर मात्र अनुप एका सकाळी स्वतः ट्रॅक्टर चालवत गॅरेजवर आला. मनगट पुरतं वळत नव्हतं, त्यामुळे गिअर टाकताना तो जरा वाकत होता.

“आईनं पाठवलं,” तो म्हणाला. “क्लच पाहून घ्या म्हने.”

गफ्फारभाईंनी त्याला बसायला स्टूल दिलं आणि क्लचच्या पेडलवर हात ठेवला.