गच्चीवरचा सजदा

हलीमाभाभींनी चहा टाकला होता आणि एकीकडे नवऱ्याचा, हारूनभाईंचा, डबा भरणं चाललं होतं. चाकणच्या कंपनीची बस रहाटणीच्या चौकात कुणासाठी थांबत नाही. एवढ्यात दार वाजलं.

दारात सोसायटीचे सेक्रेटरी उद्धवराव.

"भाभी, गच्चीची चावी द्या. शेवटचा मजला म्हणून दिली होती, पण आता तुमच्याकडं नको, कमिटीचं ठरलंय."

"का हो भाऊ?"

त्यांनी मोबाइल पुढं केला. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो होता. गच्चीत भाभी पाठमोऱ्या, कपाळ जमिनीला टेकलेलं. खाली समोरच्या पूनमनं लिहिलं होतं, 'आता गच्चीवर नमाज?' त्याखाली अंगठेच अंगठे.

भाभींनी गॅस बंद केला. काल ह्याच पूनमनं जिन्यातून हाक मारली होती, "भाभी, निगडीला जाऊन येते. कुरडयांवर कावळे बसतील, बघाल ना?" भाभी वर जाऊन बसल्या. दोन खोल्यांच्या घरात सासूबाईंचा टीव्ही दिवसभर चालू, निवांत कुराण वाचायला त्यांना तेवढी गच्चीच होती. वाचता वाचता सजद्याची आयत आली आणि त्या वाकल्या. कावळे हाकलायची काठी शेजारीच होती. पूनम कधी परतली आणि मागून फोटो काढून गेली, हे त्यांना कळलंही नव्हतं. फोटोत काठीही आली होती, पण ती कोण बघतो.

"ती नमाज नव्हती भाऊ. कुराण वाचत होते. त्यात काही ठिकाणी सजद्याची आयत, म्हणजे ओळ येते. ती आली की एकदा डोकं टेकवायचं, की पुन्हा वाचायला लागायचं. घटकाभराचंही काम नाही."

"व्हय, पण लोकांना काय म्हाईत?"

"विचारायला पूनमला तोंड होतं ना? कुरडया राखा म्हणायला होतं, तसंच."

उद्धवरावांनी मोबाइल खिशात टाकला. "माझं काय न्हाई वो. कमिटी म्हणती."

"दे दे चाबी, हलीमा," आतून हारूनभाई म्हणाले. "किस किस से झगडेगी?"

"झगडत नाहीये मी," भाभी त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या. खिळ्यावरची चावी काढून त्यांनी उद्धवरावांच्या हातावर ठेवली.

"चावी न्या. पण पूनमला माझा एक निरोप द्या. तो फोटो जिथं टाकलाय, तिथंच खाली तिनं लिहावं, की भाभी माझ्या कुरडया राखत होत्या."