रुईला रोज अभिषेक

कालिंदीबाईंचे गुडघे दुखायचे, म्हणून त्यांनी छतावरच्या मोठ्या कुंडीत पांढरी रुई लावली. पानाला तेल लावायचं, तव्यावर गरम करायचं आणि गुडघ्याला बांधायचं, एवढाच त्यांचा स्वार्थ. काशीतल्या पंचगंगा घाटाच्या उभ्या पायऱ्या झेपेनात, म्हणून दोन वर्षं त्यांचं कार्तिकस्नान चुकलं होतं आणि ते मनाला फार लागलं होतं. रुई तशी गुणी. फुटक्या भिंतीतही वाढते, खत मागत नाही, लाड मागत नाही. कालिंदीबाईंचाही संसार असाच झालेला, त्यामुळे दोघींचं जमलं.

आडवे आले ते ढुंढिराजपंत, म्हणजे त्यांचे यजमान. संस्कृत पाठशाळेतून निवृत्त झालेले. शिकवायला विद्यार्थी उरले नव्हते आणि शिकवल्याशिवाय राहवत नव्हतं. पांढऱ्या रुईच्या मुळाशी गणपती तयार होतो, हे त्यांना एके दिवशी आठवलं आणि कुंडीला देवपण आलं.

"अगं, पान तोडू नकोस! साक्षात गजानन आहे."

"अहो, पण माझे घुटने?"

"ते प्रारब्धाचे भोग. भोगूनच संपवायचे."

ज्या माणसाने उभ्या जन्मात स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला भरून घेतला नाही, तो रोज सकाळी घागरभर गंगाजल घेऊन जिना चढू लागला. सोमवारी दूध, चतुर्थीला पंचामृत. श्रावणात तर रोज एकवीस आवर्तनं, आणि वरून पाऊस होताच.

"अहो, हे सूखी जमिनीतलं झाड. इतकं पाणी सोसायचं नाही त्याला," कालिंदीबाई म्हणाल्या.

"भक्तीने कधी कुणी मेलंय का?" पंतांनी विचारलं.

भाद्रपदात रुई मेली. पंतांनी सोवळं नेसून, मोठ्या आशेने कुंडी उपसली. सोंड नाही, पोट नाही. हाती आला तो आंबूस वासाचा काळा गाळ. पंत तिथेच मटकन बसले. "मीच मारली गं," असं म्हणून चक्क रडले. कालिंदीबाईंना आधी भयंकर राग आला, मग कीव आली, आणि मग कीव आल्याचाच राग आला. त्या खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी पंत घाटावरून धापा टाकत आले. हात चिकाने माखलेले, उपरण्यात जांभळ्या रुईची आठ पानं. दगडांच्या फटीतली, कुणीही कधी न पूजलेली. सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, आपला तवा कुठे असतो?"

पहिली दोन पानं करपली. तिसरं बरं जमलं. मग रोजच जमू लागलं.

कार्तिकात कालिंदीबाई पंतांच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरल्या. निम्म्यावर पंत थांबले.

"दुखतंय का गं?"

चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. कालिंदीबाईंना भरून आलं.

"खूप," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पायरीवर पाऊल टाकलं.