उजव्या पायातली चप्पल

मावशी कुणाच्याही घरी ब्लाऊजची मापं घ्यायला आल्या की डाव्या पायातली चप्पल उंबऱ्याबाहेर नीट काढून ठेवायच्या आणि उजवी उचलून दार आणि चौकट यांच्यामध्ये अडकवायच्या. मग दार कितीही लोटलं तरी लागत नसे. "वारो येवंदे जरा," असं म्हणत त्या आत यायच्या आणि गळ्यातली टेप हातात घ्यायच्या.

आमच्या बोरीवलीत वारा कुठून येणार, असं तुम्ही म्हणाल. समोरच्या टॉवरनं होता नव्हता तो केव्हाच अडवलाय. पण डिसेंबर असो की आत एसी चालू असो, चप्पल दारातच. बायका बिचाऱ्या कपाटाचं दार उघडून त्याच्या आडोशाला मापं देत. आमच्याकडे एकदा त्या फटीतून मांजर आत आलं आणि तळून ठेवलेली सुरमई घेऊन गेलं. बायकोनं तक्रार केली तर मावशी म्हणाल्या, "मांजराक येवंक वाट असा, म्हणजे आपणाक जावंक पण असा." आम्ही त्या दिवशी वरण-भात जेवलो.

मावशींचं मशीन आमच्या सोसायटीत ए विंगच्या जिन्याखाली होतं. भिंती दोनच, दार नाही. फॉल-बिडिंग, ब्लाऊज, आखूड झालेल्या पँटी अशी सगळी कामं. हात चांगला होता, पण वेळेच्या नावानं बोंब. "मंगळवारी नेवा" म्हणायच्या. कुठल्या मंगळवारी, ते विचारायची सोय नव्हती. माझ्या मेहुणीनं साखरपुड्याला शिवायला टाकलेला ब्लाऊज तिनं बारशाला घातला, आणि तोही उसवून.

आता मॅडमबद्दल सांगायला हवं. मॅडम म्हणजे आमच्या सोसायटीच्या अध्यक्षा, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. पूर्वी नगरसेविका होत्या. वॉर्ड ऑफिसातले लोक त्यांचा आवाज जिन्यात ऐकू आला की फायली उघडून बसत असत म्हणे. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक मुलगा निखिल फौजेत. मॅडमना जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, तो म्हणजे कुलूप. त्यांच्या दाराला लॅच, आतून कडी, वर साखळी, पुढे सेफ्टी डोअर आणि त्यावर कॅमेरा. मी सेक्रेटरी. माझं काम एवढंच, की त्या म्हणणार, "सेक्रेटरी, लिहा," आणि मी नोटीस लिहिणार.

अशा बाईच्या दारात मावशींनी पहिल्या दिवशी चप्पल अडकवली. मॅडमनी ती पायानं सरकवली आणि दार लावलं. मावशींनी टेप गळ्यात टाकली, दार उघडलं, चप्पल घातली आणि माप न घेता सरळ खाली निघून आल्या. अख्ख्या वॉर्डात मॅडमकडे अशी पाठ कुणी फिरवली नव्हती. आठवडाभर आम्ही सगळे श्वास रोखून होतो. मग एका दुपारी मॅडम स्वतः खाली आल्या आणि जिन्याखाली हात पसरून उभ्या राहिल्या. येणारेजाणारे भिंतीकडे बघत वर चढत होते.

"अगो, सरळ उभी रव," मावशी म्हणत होत्या. "पोट आत घेव नको. मगे शिवण उसवता."

मॅडमना 'अगो' म्हणणारं माणूस आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. मॅडमनी पोट सोडलं. पुढच्या वेळी मावशी वर गेल्या तेव्हा चप्पल दारात राहिली. हळूहळू मॅडमचे ब्लाऊज फारच वरचेवर घट्ट किंवा सैल व्हायला लागले. रोज दुपारी चहाच्या वेळी मावशी तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या फटीतून मॅडमचं हसणं जिन्यात ऐकू यायचं. मला तर आधी वाटलं, टीव्ही असेल.

पण मैत्री वेगळी आणि ठराव वेगळा. मॅडमनी कमिटीत ठराव आणला, की तळमजल्यावरच्या सगळ्या उघड्या जागांना लोखंडी जाळी आणि कुलूप बसवायचं. त्यात जिन्याखालची जागा आलीच. मी नोटीस लावली. मावशींनी ती माझ्याकडूनच वाचून घेतली आणि म्हणाल्या, "जाळी लावलास तर मी चललंय."

त्याच सुमारास सीमेवर तोफा सुरू झाल्या. निखिलचं युनिट तिकडेच होतं, आणि त्याचा फोन यायचा बंद झाला. हे मॅडम कुणाला बोलल्या नाहीत. त्या नुसत्या दुपटीनं नोटिसा काढू लागल्या. ब्लॅकआउटचा सराव जाहीर झाला तेव्हा तर त्यांच्या अंगात आलं. प्रत्येक खिडकीला काळा पडदा झालाच पाहिजे! पडदे शिवणार मावशी, आणि तेसुद्धा वेळेत. मावशींनी आयुष्यात वेळेवर दिलेलं हे एकच काम असावं. जिन्याखाली काळ्या कापडाचा डोंगर, त्यामागून फक्त मशीनची खडखड. आणि त्या डोंगरासमोर एक दिवस वेल्डर येऊन उभा राहिला.

मावशींनी खडखड थांबवली आणि मशीनवर झाकण चढवलं. कुणीतरी मॅडमना बोलावून आणलं.

"युद्ध चालू आहे मावशी, समजत नाही तुला? कुणीही घुसेल. आणि चावी तुझ्याकडेच देते ना मी!"

"चावी माझ्याकडे असांदे नायतर तुझ्याकडे. कुलूप ता कुलूप."

मग मावशींनी जे सांगितलं ते मी वेल्डरच्या शेजारी उभा राहून ऐकलं. परकर-पोलक्याच्या वयात त्यांना गावाहून एका नातलगानं मुंबईत आणलं, शिवण शिकवतो म्हणून. एका कारखानदाराच्या माळ्यावर आणखी काही मुलींबरोबर ठेवलं. बाहेरून कुलूप. दिवसभर शिवायचं, तिथंच निजायचं. पगार नाही, सण नाही, मार मात्र भरपूर. लुगडं नेसायच्या वयाच्या होईपर्यंत त्यांनी रस्ता पाहिला नाही. मालकाची म्हातारी आई जेवण घेऊन यायची. एक दिवस तिच्या पायातली चप्पल निसटून दारात अडकली आणि दार लागलंच नाही. म्हातारीच्या लक्षात आलं नाही. मावशींच्या आलं.

"तीच चप्पल पायात घातलंय आणि धावलंय," मावशी म्हणाल्या, आणि चक्क हसल्या. "एका पायात चप्पल, एक पाय उघडो. दुसरी म्हातारेकडेच रवली, बिचारी. लंगडत गेली असतली घराक."

वेल्डरनं हातातलं सामान खाली ठेवलं. मॅडमनी वेल्डरला सांगितलं, "सराव झाल्यावर ये. तेव्हा बघू." ठराव काही त्यांनी मागे घेतला नाही. मावशींनीही मशीनवरचं झाकण काढलं नाही. उरलेले पडदे हातानं शिवले.

सरावाच्या संध्याकाळी भोंगा झाला आणि सोसायटी गुडुप अंधारात बुडाली. मी शिटी घेऊन आवारात उभा. मॅडमचा हुकूम होता, एक काजवासुद्धा दिसता कामा नये. वर बघतो तर ए विंगच्या जिन्याची तिसऱ्या मजल्यावरची खिडकी लख्ख उजळलेली! दोन्ही विंगांतून खुसूखुसू हसणं ऐकू येऊ लागलं. कुणी तरी अंधारातून ओरडलं, "सेक्रेटरी, शिटी मारा की!"

अध्यक्षांच्या नावानं शिटी मारायची माझी हिंमत झाली नाही. मी वर गेलो. मॅडमचं सेफ्टी डोअर सताड उघडं, आतल्या दारात चप्पल आणि फटीतून ट्यूबलाइटचा पट्टा थेट जिन्यात. आत मॅडम जमिनीवर बसल्या होत्या. फोन मांडीवर, घामानं थबथबलेल्या. मावशी टेपनं नव्हे, नुसत्या हातानं त्यांची पाठ चोळत होत्या. नंतर कळलं, अंधार करून, सगळी कुलपं लावून एकट्या बसलेल्या मॅडमना श्वासच घेता येईना. त्यांनी जिन्याच्या कठड्यावरून मावशींना हाक मारली होती. वॉर्ड गाजवणाऱ्या त्या बाईचा इतका बारीक आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

"सेक्रेटरी, निखिलचा फोन नाही हो अजून."

"मॅडम, लाइट..." मी म्हणालो. माणूस सेक्रेटरी झाला की असं होतं.

"जीव गुदमारता तिचो," मावशी माझ्यावर डाफरल्या. "वारो येवंदे तिका जरा. आणि तू उभो काय? पडदो घे!"

उरलेलं काळं कापड घेऊन आम्ही जिन्याची खिडकी झाकली. मी स्टुलावर, मावशी खाली स्टूल धरून. दार उघडंच राहिलं, दिवा चालू राहिला, आणि खालून सोसायटीनं अंधार झाल्याबद्दल टाळ्या वाजवल्या.

निखिलचा फोन आला, लढाईही थांबली. पुढच्या सभेत मॅडम उभ्या राहिल्या आणि जिन्याखालची जाळी रद्द, म्हणाल्या. एका सभासदानं सुरक्षिततेचा मुद्दा काढला. "मग तुम्ही बसा तिथं राखण करत," मॅडम म्हणाल्या. ठराव एकमतानं रद्द झाला. मावशी तेव्हा खाली मशीनला तेल घालत होत्या.

यंदा थंडीत मावशी गेल्या. दहिसरच्या आपल्या खोलीत, झोपेतच. दार उघडं होतं, म्हणून शेजारणीला लगेच कळलं. भाची येऊन मशीन आणि कपडे घेऊन गेली. आदल्या दिवशी मावशी मॅडमकडच्या जुन्या सपाता घालून घरी गेल्या होत्या आणि आपली तुटलेली चप्पल जिन्याखाली शिवायला ठेवली होती. तिथं भाचीला एकच सापडली, डावी. उजवी आम्ही सगळ्यांनी शोधली, वॉचमननं तर गटाराचं झाकणही उघडून पाहिलं. शेवटी कुत्र्यानं नेली असेल असं ठरलं.

परवा सहीसाठी तिसऱ्या मजल्यावर गेलो. बेल वाजवायची गरज पडली नाही. दार बोटभर उघडं होतं आणि चौकटीत ती उजवी अडकलेली, अंगठ्याशी काळ्या दोऱ्यानं शिवलेली. का कोण जाणे, मी वाकून तिला हात लावला.

"राहू दे, सेक्रेटरी," आतून मॅडम म्हणाल्या. "वारा येऊ दे जरा."